तिसरी खाच

माझी आत्या वस्तू मोठ्या करते. हा तिचा धंदा आहे. शिंप्याच्या दुकानावर टांगलेलं टेबलाएवढं शर्टाचं बटण तिचं, दातांच्या दवाखान्याबाहेरची दाढ तिची, आणि लाँड्रीसमोर दोन माणसं उंचीचा कपड्यांचा चिमटा उभा आहे, तोही तिचाच. बाजारात तिला वाढीवबाई म्हणतात. तिच्या कानावर ते आलेलं आहे. तिचं म्हणणं एवढंच, की वाढीव म्हणजे मापाबाहेरचं, आणि तिची एकही वस्तू मापाबाहेर नाही.

हे खरं आहे. गिऱ्हाइकाने नमुना आणून द्यायचा. ती त्याचा सिलिकॉनमध्ये साचा काढते, त्यात रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारी पातळ राळ, ओतून वस्तूची जुळी काढते आणि मग त्या जुळीचे पावासारखे पातळ काप करते. प्रत्येक काप आलेखाच्या कागदावर ठेवून भोवती रेघ मारायची, रेघ ठरलेल्या पटीत मोठी करायची, त्या आकाराचे थर्माकोलचे तुकडे कापून एकावर एक चिकटवायचे. वरून फटी बुजवायला लांबी, मग घासकाम, मग मेण, मग मोठा साचा, आणि शेवटी त्या साच्यात काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन, थरावर थर. एवढ्या खटाटोपानंतर जे बाहेर येतं ते पोकळ, हलकं आणि नमुन्याशी तंतोतंत असतं. ओरखडे, टवके, सगळ्यासकट.

या तंतोतंतपणापायी तिचं आणि न्हाव्याचं वाजलं होतं. त्याने कंगवा करायला दिला. आठ फुटी कंगवा तयार झाला, त्यात मधले दोन दात नव्हते. न्हावी तणतणत आला. "लोक काय म्हणतील? याच्या कंगव्याचेच दात पडलेत!" आत्याने त्याचा नमुना काढून समोर धरला. त्यातही दोन दात नव्हते. "कंगवा तुमचा आहे," ती म्हणाली. तो कंगवा आजही तसाच टांगलेला आहे आणि न्हावी तिला पाण्यात पाहतो.

तिचा दुसरा नियम असा, की नमुना परत न्यायला मालकाने स्वतः यायचं. एकदा तिने शिंप्याचं बटण भलत्याच माणसाच्या हाती दिलं आणि ते भलत्याच शर्टाला लागलं. तेव्हापासून हा नियम. तो मोडायला ती देवालाही परवानगी देणार नाही.

आता घरचं सांगते. मी चार वर्षांची असताना आई गेली. बाबांची ही धाकटी बहीण तेव्हा एक सुटकेस घेऊन आमच्याकडे आली आणि नऊ वर्षं राहिली. माझ्या वेण्या घातल्या, शाळेच्या कागदांवर सह्या केल्या, तापात माझ्या उशाशी बसली. दिवसा खेळण्यांच्या कारखान्यात साच्यांच्या विभागात काम करायची आणि संध्याकाळी आमच्या मागच्या खोलीत स्वतःचं. बाबा कुलपं-चाव्यांचं दुकान चालवतात. त्यांना बोलायचा कंटाळा आहे, त्यामुळे दोघांचं बरं चाललं होतं.

मग दाढ आली. दंतवैद्याची पहिलीच मोठी ऑर्डर, आणि तो घाई करत होता. आत्याने थरावर थर देण्याऐवजी मुळांच्या भागात रेझिन एकदम ओतलं. रेझिन सुकताना आपलं आपण तापतं. जाड ओतलं तर फारच. भर दुपारी मागच्या खोलीतून धूर यायला लागला, प्लॅस्टिकची बादली जागच्या जागी वितळून बसली, आणि मला खोकत शेजारी पाठवण्यात आलं. बाबा दुकानातून धावत आले, खिडक्या उघडल्या आणि त्या वर्षातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य बोलले. "हे घर आहे की कारखाना, एक काय ते ठरव."

"ठरवलं," आत्या म्हणाली.

आठवड्याभरात तिने टायरवाल्याच्या मागची शेड भाड्याने घेतली. निघायच्या दिवशी घराची चावी टेबलावर ठेवली, सुटकेस उचलली. इथवर सगळं एखाद्या मानी माणसाला शोभेल असं झालं. पण दाढ दारातून जाईना. तिने दाढेचं माप घेतलं होतं, दाराचं घेतलं नव्हतं. दाढ आधी सरळ घालून पाहिली, मग आडवी, मग मुळांकडून. बाबा चहाचा कप घेऊन बघत उभे होते. शेवटी त्यांनी कप ठेवला, स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि बिजागऱ्या खोलून अख्खं दार काढून भिंतीला टेकवलं. दाढ गेली, तिच्यामागून आत्या गेली. मी जिन्यात बसून भोकाड पसरलं.

दार बाबांनी नंतर एकट्याने परत बसवलं. ते नीट बसलं नाही. तेव्हापासून ते नुसतं ढकलून उघडत नाही. चावी फिरवायची, मूठ धरून दार वर उचलायचं आणि मग ढकलायचं. बाबा अख्ख्या गावाची दारं दुरुस्त करतात, आमचं तेवढं केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "राहू दे, सवय झालीय."

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं दोघांचा अबोला. तिची शेड आणि बाबांचं दुकान यात दोन चौक आहेत, आणि ते दोन चौक मी तुडवत आले. "तिला सांग, टायरवाल्याचा मागचा कडीकोयंडा कमजोर आहे." "त्याला सांग, चष्म्याचा नंबर बदलून घे, डोळे बारीक करून बघतो." अशी सगळी काळजी माझ्यामार्फत. मला याचा वीट आला होता. त्यात मला दूरच्या शहरात नोकरी लागली, पुढच्या महिन्यात जायचं ठरलं, आणि मला घोर लागला. मी गेल्यावर हे दोघं काय करणार? एकजण मेला तर दुसऱ्याला कळवणार कोण? मला आत्या त्या घरात परत यायला हवी होती, आणि ती मी असेपर्यंत यायला हवी होती. बाकी काही नको होतं.

पण बोलून उपयोग नव्हता. बोलून पाहिलं होतं. दोघंही ऐकून घेत आणि मला चहा देत.

मग दुकानाशेजारी औषधवाल्याने झगमगता फलक लावला आणि बाबांचं दुकान त्याच्या आड गेलं. एका सकाळी पावाला लोणी लावता लावता ते म्हणाले, "एक मोठी चावी करून घ्यायचीय. दुकानावर."

"कुणाकडून?"

"जो कुणी करत असेल त्याच्याकडून."

"एकच बाई करते."

"मग तिच्याकडून." त्यांनी खिशातून एक चावी काढून माझ्या बशीशेजारी ठेवली. त्यांच्या दुकानात चार हजार चाव्या आहेत. ही आमच्या घराची होती. तिच्या डोक्यावर गडद लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. आत्याने पिशवीत पटकन सापडावी म्हणून तो लावला होता. मी बाबांकडे बघितलं, बाबा लोण्याकडे बघत होते. "नमुना लागतो ना तिला?" ते म्हणाले.

आत्याने चावी हातात घेतली, उलटी केली, नखाने तो ठिपका खरवडून पाहिला.

"हीच दिली त्याने?"

"हीच."

"तू उचललीस की त्याने दिली?"

"त्यांनी. खिशातून काढून."

"बरं. सहा सेंटिमीटर आहे. तीसपट म्हणजे एकशे ऐंशी. तुझ्या बापापेक्षा उंच होईल," ती म्हणाली आणि मेणाचा डबा शोधायला लागली. तो तिच्यासमोरच होता.

तीन आठवडे काम चाललं. रेझिन मी मोजून दिलं. आता ती एका वेळी बोटभरसुद्धा जाड ओतत नाही. चावी झाली ती बघण्यासारखी. बाबांनी कधीतरी कानशीने मारलेले ओरखडे तिच्यावर नाल्यांएवढे होते आणि लाल ठिपका ताटाएवढा. ती दुकानावर चढवली त्या दिवशी आत्या आली नाही. गर्दी पांगल्यावर बाबा शिडी लावून चढले. खिशात बारीक मापांची व्हर्नियर पट्टी, तोंडात पेन्सिल. रस्त्यावरच्यांना वाटलं नट-बोल्ट तपासतायत. ते चावीच्या दात्यांची, खाचांची मापं घेत होते. व्हर्नियर पुरेना म्हणून माझ्याकडून टेप मागवली.

खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता.

"तिसरी खाच चुकली. अडीच मिलिमीटर हवी. दीड आहे."

"बाबा, ती सहा फुटांची आहे."

"मग साडेसात सेंटिमीटर हवी. साडेचार आहे." त्यांनी पेन्सिलने हातावर हिशेब करून दाखवला. "या चावीने दार उघडणार नाही."

सहा फुटांची चावी कुठल्याच दाराला बसत नाही, हे मी सांगितलं नाही. अशा वेळी आमच्या घरात शहाण्याने गप्प बसायचं असतं.

"तिला विचार," ते म्हणाले. "तिच्या हातून चूक होत नाही."

मी दोन चौक तुडवले. आत्या एका अवाढव्य चमच्यावर पॉलिश पेपर घासत होती.

"मोजली त्याने?"

"शिडीवर चढून."

ती जराशी हसली, मग एकदम भडकली. "चूक नाहीये ती! घराची चावी आहे. मी तंतोतंत करून भर रस्त्यात टांगायची, म्हणजे उद्या कुणीही फोटो काढणार, भागिले तीस करणार आणि आत शिरणार. तू निघालीस. तो एकटा असणार तिथे. जन्मभर कुलपं विकली आणि एवढं कळू नये माणसाला?" तिने पेपर फेकला. "वीस वर्षांत पहिल्यांदा खोटं माप घातलंय मी. सांग त्याला. आणि नमुना तिथे खिळ्याला आहे. मालकाने स्वतः यायचं."

मग तिने फेकलेला पेपर उचलला आणि चमच्याची उलटी बाजू घासायला घेतली. धूळ फार उडाली म्हणून मी पाणी दिलं. तिने घेतलं नाही.

मी जसंच्या तसं बाबांना सांगितलं. ते कुणाच्या तरी चावीला कानस मारत होते. मारतच राहिले, त्या गिऱ्हाइकाची चावी नंतर फुकट गेली. मग त्यांनी कीस फुंकून उडवला.

"नमुना मी नाही नेणार," ते म्हणाले. "चावी तिचीच आहे. परत कशाला आणायची? ठेवू दे तिला."

हा निरोप घेऊन जाताना मी रस्ताभर रडले. सांगायला लाज नाही. आत्याने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, खिळ्यावरची चावी काढून एप्रनच्या खिशात टाकली. मग बाहेर काढली. मग परत टाकली. तिला खिशाचं काय झालं होतं कुणास ठाऊक.

पुढे काहीच झालं नाही. पंधरा दिवस गेले. मी रोज दाराकडे बघायची आणि बाबा मी बघताना मला बघायचे. माझ्या निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी पुढच्या खोलीत सामान बांधत होते आणि बाबा चहा गाळत होते. कुलपात चावी शिरल्याचा आवाज आला.

चावी फिरली. दार हललं नाही. परत फिरली, परत धक्का. दार तसंच. मी उठले तर बाबांनी गाळणी वर करून मला थांबवलं. मग पाऊल वाजलं. एक पाऊल, मागे.

"उचलून ढकल!" बाबा ओरडले. अकरा वर्षांत तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द. "तुझ्या दाढेने वाकडं झालंय ते!"

दार उचललं गेलं आणि उघडलं. आत्या आत आली. माझ्याकडे बघितलं नाही, बाबांकडेही नाही. दाराकडे खालून वर बघितलं, पिशवीतून पट्टी काढली आणि वरच्या बिजागरीला लावली.

"तीन मिलिमीटर खाली बसवलंयस, दादा. एवढ्या वर्षांचा कारागीर तू. अशी कशी चूक झाली?"

बाबांच्या हातातली गाळणी फरशीवर ठिबकत होती.

"धरायला कुणी नव्हतं," ते म्हणाले.