डोमाजीचं धोतर

घाटंजीपासून नऊ किलोमीटरवरच्या त्या गावात पुरुषानं लेकराचे लंगोट धुतल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणून भाद्रपदातल्या एका सकाळी संघदीप बादली घेऊन हापशीवर आला आणि त्यानं बादलीतून एकेक टिचभर कापड काढून पिळायला सुरुवात केली, तेव्हा पाण्याला आलेल्या बायांनी आधी एकमेकींकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे पाठ केली. हसू लपवायला. संध्याकाळपर्यंत ते फवारणीच्या टोळीत पोचलं. पाठीवर पंप चढवता चढवता एकानं विचारलं, "काय लंगोटे सायेब, आज किती झाले?"

"अकरा," संघदीप म्हणाला.

तो चिडला नाही. उलट त्याला जरा बरंच वाटलं. अकरा हा आकडा त्यालाच ठाऊक होता, बाकी कुठल्याच बापाला आपल्या लेकराचा असा आकडा ठाऊक नव्हता.

करणार दुसरं कोण होतं? त्याची आई रुखमाबाई तो शाळेत असतानाच गेली. बाप डोमाजी दोन वर्षांमागे गेला. त्याच्या बायकोला, उर्वशीलाही, आई नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बोरी अरबला तिच्या भावाची एकच खोली आणि त्यात त्याचीच चार माणसं. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पोट फाडून मुलगी झाली. आठव्या दिवशी दोघं तिला घेऊन घरी आले, तेव्हा उर्वशीला वाकता येत नव्हतं आणि पाण्यात हात घालायला मनाई होती. मुलीचं नाव त्यांनी गुंजन ठेवलं. घरात जाणतं असं एकही माणूस नव्हतं. होती ती शेजारची बंजारा बिजलीबाई, तीही दिवसभर निंदणाला जाणारी.

लंगोट बांधायला तिनंच शिकवलं. चौकोनी कापडाची तिरपी घडी, मोठी बाजू कमरेखाली, खालचं टोक पायांमधून वर, दोन टोकं पोटावर आणून नाळेच्या खाली गाठ. संघदीपची गाठ सुटायची किंवा आवळायची. मुलगी रडून लाल व्हायची. बिजलीबाई म्हणाली, "पंधरा लिटरचा पंप बांधतं पाठीवर अन् हे टिचभर बांधता येत नाई तुले?"

चौथ्या दिवशी त्याला बांधता आलं. मग प्रश्न उरला कापडाचा.

दुकानातलं नवं कापड बिजलीबाईनं हातात घेऊन परत दिलं होतं. त्यात खळ असते, ते टरटरीत असतं, लेकराची मांडी सोलून निघते. लेकराला जुनं पाहिजे, अंगावर वापरून वापरून मऊ झालेलं, पाणी पिणारं. संघदीप गावभर फिरला. घराघरांतून बाया जुन्या साड्या काढून देत. सगळ्या निसरड्या, सगळ्यांवर फुलं. त्यांचे लंगोट बांधले तर ओल त्यात मुरतच नसे. ती मांडीवरून ओघळून अंथरुणात जाई आणि मुलीच्या जांघेत लाल चट्टे उठत. पुरुषांचे सदरे तसलेच. गावाच्या चारी बाजूंनी कपाशी उभी होती, त्या वर्षी तर माणसाच्या डोक्यावर गेली होती, आणि गावात एका लेकराला पुरेल एवढं सुती कापड निघेना. संघदीपला याचं नवल वाटलं नाही. त्याला फक्त थकवा आला.

पाचव्या दिवशी कामावरून येऊन पंप खाली ठेवताना त्याची नजर खुंटीवर गेली. तिथं डोमाजीचं धोतर होतं. बाप गेल्यावर त्यानं ते मधून फाडलं होतं. एक अर्ध तो फवारताना डोक्या-तोंडाला गुंडाळी आणि दुसरं कमरेला. डोमाजीनं ते बारा-तेरा वर्षं नेसलं असेल. हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटू नये, इतकं ते विरलेलं होतं.

त्यानं ते पाच पाण्यांतून काढलं. आधी सोडा घालून, मग साबण लावून, मग नुसतंच. त्यातून पाणी नितळ येईपर्यंत पिळलं. दोन दिवस उघडीप होती, त्या उन्हात वाळवलं. वाळल्यावर नाकाशी धरून पाहिलं. उन्हाचा वास होता. मग त्यानं कात्रीनं चौदा लंगोट आणि दोन दुपटी कापली. बिजलीबाईनं एक गालाला लावून पाहिला. "अस्सं पाहिजे कापड," ती म्हणाली. उर्वशी खाटेवरून पाहत होती. आजोबाचं धोतर नातीच्या कामी आलं, असं ती म्हणाली आणि टाक्यांवर हात दाबून हसली. त्या घरात त्या पावसाळ्यात ती हसली असेल ती तेवढीच.

पहिला दिवस चांगला गेला. ओल कापडात मुरत होती, मुलगी झोपत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी संघदीपनं रात्रीचे लंगोट गरम पाण्यात टाकले आणि वाफेबरोबर एक वास वर आला. कुजक्या लसणासारखा. त्याला तो चांगला ठाऊक होता. त्यानं हात नाकाशी नेला, हाताला तोच वास होता. महिनाभर रोज औषध मारणाऱ्याच्या हाताला, भाकरीला, उशीलाही तो असतोच. त्यानं हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. उर्वशीला हाक मारून हे कापड हुंगून पाहा, असं म्हणावं असं त्याला एकदा वाटलं. पण ती नुकतीच झोपली होती आणि हापशीवर बाया यायच्या आत त्याला धुणं उरकायचं होतं. त्यानं लंगोट पिळले आणि दोरीवर टाकले.

मग झड लागली. कापड वाळेना, तो चुलीवर धरून वाळवू लागला. अर्धवट ओले लंगोट तो तसेच बांधी. आठवड्याभरात मुलगी गप्प झाली. आधी सगळ्यांना बरं वाटलं, पोर शांत आहे म्हणून. मग ती दूध ओढेना. तोंडातून लाळ गळू लागली. अंग घामेजलेलं आणि सैल, हात उचलून सोडला तर तसाच पडायचा. बिजलीबाईनं विचारलं, बाळंतिणीनं काय खाल्लं? उर्वशीनं आठवून आठवून सांगितलं, परवा वांगं खाल्लं होतं. मग आणखी दोघी-तिघी आल्या आणि वांगं गावभर झालं. आईचं दूध पोरीला बाधलं, असं ठरलं. उर्वशीनं पदर तोंडावर घेतला तो काढलाच नाही.

दुपारी ते यवतमाळच्या दवाखान्यात पोचले. त्या वर्षी फवारणीचं विष लागून पडलेल्यांनी वार्ड भरले होते. खाटा पुरल्या नव्हत्या, खाली सतरंज्यांवर माणसं होती, काहींच्या डोळ्यांवर पट्ट्या. त्यांच्यामधून वाट काढत ते लहान मुलांच्या खोलीत गेले. तिथली डॉक्टरीण वयानं उर्वशीएवढीच असावी. तिनं गुंजनची पापणी उचलून आत बॅटरी धरली आणि पाहतच राहिली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता.

घरी फवारणी कोण करतं, तिनं विचारलं. मी, संघदीप म्हणाला. बाळ वावरात नेलं होतं का? नाही. औषधाचा डबा घरात असतो? बाहेर, पडवीत. हात धुऊन घेता का बाळाला? घेतो. डॉक्टरीण थांबली. तिला काहीतरी कळत होतं आणि धागा सापडत नव्हता. एवढ्यात उर्वशी बोलली. ती इतक्या हळू बोलली की डॉक्टरणीला वाकावं लागलं.

"माह्या दुधातून गेलं का काही? म्या वांगं खाल्लं होतं."

संघदीप मुलीकडे पाहत होता. तिच्या कमरेला सकाळी त्यानंच बांधलेला लंगोट होता, गाठ बरोबर नाळेच्या खाली, ना सैल ना आवळ. येताना बसमध्ये तो भिजला होता. त्यातून तो वास येत होता. तो आता कशानंही झाकला जात नव्हता, साबणानं नाही, फिनेलनं नाही. गप्प राहिलं तर हे वांग्यावर जाणार होतं. आणि कापड मुलीच्या अंगावर तसंच राहणार होतं.

"लंगोट काढा तिचा," तो म्हणाला. "त्या कापडानं म्या फवारलं हाय."

डॉक्टरणीनं एका हातानं गाठ ओढली. मुलीला साबणाच्या पाण्यानं धुतलं, सुया दिल्या, नळ्या लावल्या. चार दिवस जगते की मरते अशी ती होती. पाचव्या दिवशी रडली.

त्या चार दिवसांत उर्वशी त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तिनं त्याला मुलीजवळही येऊ दिलं नाही. तो जवळ आला की ती आपला हात मुलीवर ठेवी, बस. सुटी मिळाली त्या दिवशी बोरी अरबहून तिचा भाऊ आला. एका खोलीत जागा करू, म्हणाला. संघदीपनं पिशवी उचलून दवाखान्याच्या फाटकापर्यंत आणली. तिथं उर्वशी थांबली आणि तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"धुताना तुमाले वास आला नव्हता?"

नाही म्हणता आलं असतं. ती कदाचित विश्वासही ठेवती. तिला ठेवायचा होता, असं त्याला नंतर कितीदा तरी वाटलं.

"आला होता," तो म्हणाला. "मले वाटलं, माह्या हाताचा हाय."

तिनं पिशवी त्याच्या हातातून घेतली. ती ऑटोत बसेपर्यंत तो उभा होता.

घरी आल्यावर त्यानं उरलेले लंगोट बांधाशी खड्डा करून पुरले. डोमाजीचं दुसरं काहीच घरात नव्हतं. फवारणीची सुटी त्याला घ्यावी लागली नाही, हंगामच संपला होता. मग घाटंजीच्या बाजारातून त्यानं नवं मांजरपाट आणलं, टरटरीत, खळीचं. त्याचे चौदा लंगोट कापले. मऊ करून बोरी अरबला पाठवायचे, असं त्यानं ठरवलं. सकाळी धुवायचे, उन्हात टाकायचे, संध्याकाळी काढून मांडीवर चोळायचे. सगळा हिवाळा तो ते करत राहिला. वाळल्यावर हुंगे, मग ओले करून हुंगे. कधी वास येई, कधी नाही. आला तर खरा की नाकातला, हे त्याला कळत नसे. आपल्या नाकावर आता त्याचा भरवसा नव्हता.

एकदा त्यानं बिजलीबाईला हुंगायला दिला. "साबणाचा वास हाय रे, बापा," ती म्हणाली. "नेऊन दे आता." त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या सकाळी ते पुन्हा पाण्यात टाकले.

पुढच्या पावसाळ्यात तो परत फवारायला गेला. दुसरं काम नव्हतं. तोंडाला उर्वशीची राहिलेली फुलांची साडी बांधी. ती निसरायची, नाकावरून खाली येई. दिवाळीनंतर बोरी अरबहून आलेल्या कुणीतरी सांगितलं, पोरगी चालते आता, सगळीकडे हात लावते, तिला लंगोट लागत नाही.

त्याच हिवाळ्यात बिजलीबाईच्या सुनेला मुलगा झाला. बिजलीबाई सकाळीच हापशीवर आली. संघदीप पिळत होता. तिनं बादलीतला एक लंगोट उचलून दोन बोटांत चोळला. डोमाजीच्या धोतराइतका तो मऊ झाला होता. हे तुला आता कायले, ती म्हणाली, माझ्या नातवाला दे. गावात असं कापड कुठं भेटते?

"नको, मावशी," संघदीप म्हणाला. "हे नको घेऊ."

त्यानं लंगोट तिच्या हातातून घेतला, बादलीत टाकला आणि हापशीचा दांडा पुन्हा हलवू लागला.