काकाजींच्या पांढऱ्या फोडी

चिरलेले फळ काळे पडते हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचे दुःख करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमचे बागवाले काकाजी. अमरावतीच्या परकोटाबाहेर, अकोल्याच्या वाटेवर, त्यांची केळीची आणि जामाची बाग होती. देशावर आम्ही ज्याला पेरू म्हणतो त्याला तिकडे जाम म्हणतात. मी तेव्हा देशावरून आलेला नवा मास्तर, त्यांच्याच पडवीत बिऱ्हाड करून राहिलेला. विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि आजूबाजूच्या माळ्यांनी झाडे तोडून कापसाची पऱ्हाटी लावली होती. तुम्ही का लावत नाही, असे कोणी विचारले की काकाजी म्हणत, पऱ्हाटी पाहुण्यापुढे ठेवता येत नाही. पाहुणे मात्र येतच नसत. बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, एकुलती लेक पातूरला दिलेली. आणि वऱ्हाडातला एकूणएक बैल कापसाच्या बंडीला जुंपलेला असल्यामुळे तिला माहेरी यायला गाडीच मिळत नव्हती.

जावई भाड्याने कापूस वाहायचा; त्याचीही बंडी इतकी ठासून भरलेली की बायकोला बसायला जागा नसे. अमरावतीच्या बाजाराला जाताना तो बागेपाशी थांबे, पण बैलांचे पाणी पिऊन होईपर्यंतच. तेवढ्या वेळात लेकीची खुशाली विचारायची की फळ चिरत बसायचे? म्हणून काकाजी फोडी आधीच करून ठेवत. एकदा बंड्या फार उशिरा आल्या. जावयाने ताटातल्या तपकिरी फोडींकडे पाहिले, ताट हळूच बाजूला सारले आणि पोट भरले आहे म्हणाला. त्या दिवशी काकाजी जेवले नाहीत. ‘मास्तर,’ ते मला म्हणाले, ‘आता हा घरी जाऊन सांगन, तुह्या बापानं मले शिळं देल्लं. पोरीले कसं वाटन?’

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे प्रयोग सुरू झाले, आणि ते चाखायला घरात माझ्याशिवाय कोणी नव्हते. पांढऱ्याने पांढरे राहील या हिशेबाने फोडी चुन्याच्या निवळीत बुडवल्या. माझी जीभ सोलून निघाली. तुरटीने गढूळ पाणी निवळते, मग फोडी का नाही निवळणार, म्हणून तुरटी फिरवली. त्या दिवशी शाळेत तोंडाचा असा चंबू झाला की मला पाढे सांगता येईनात. मग त्यांना वाऱ्याचा संशय आला. फोडींची कासंडी त्यांनी दोराने विहिरीत सोडली. वर ओढली तेव्हा फोडी होत्या तशाच काळ्या, आणि त्यांवर एक बेडूक ऐसपैस बसलेला. त्यानंतर फळ चिरताना बोलणेच बंद झाले, कारण माणसाच्या तोंडाची वाफ फळाला बाधते, असे त्यांनी ठरवून टाकले. खरे तर दिवसभरात ते बोलत फक्त माझ्याशी, आणि तेही फळ चिरता चिरता. घर अगदी मुके झाले. विळीवर फळ चिरल्याचा आवाज, एवढेच काय ते ऐकू येई.

शेवटी कंटाळून एका सकाळी मी चवीत बदल म्हणून फोडींवर लिंबू पिळले, दोन खाल्ल्या आणि शाळेला गेलो. दुपारी परतलो तर काकाजी ताटासमोर मांडी घालून बसलेले. फोडी सकाळसारख्याच पांढऱ्या. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘बोला मास्तर, आता बोलाले काही हरकत नाही.’ मग मात्र ते अंधार पडेपर्यंत बोलत राहिले. लेकीच्या लहानपणाच्या गोष्टी, बायकोच्या हातची भाकर, सगळे.

पुढच्या खेपेला जावयाने ताट साफ केले आणि वाटेसाठी आणखी मागितल्या. काकाजींना इतका आनंद झाला की त्यांनी लेकीसाठी म्हणून केळीच्या ओल्या पानात फोडींचा पुडा बांधला. जावई निघाला तेव्हा त्यांनी तो परत मागून घेतला. आधी बाजार, मग पातूर किती लांब, लिंबू तिथवर पुरायचे नाही. पुडा हातात धरून ते वाटेवर बराच वेळ उभे होते.

पुढे ज्या परमुलखातल्या लढाईने कापूस महागला होता ती संपली म्हणे; भाव उतरला आणि बंड्या ठिकठिकाणी सोडलेल्या दिसू लागल्या. तेव्हा कुठे लेक आली, रिकाम्या गाडीत पाय पसरून, महिनाभर राहायला. काकाजींनी पांढऱ्याशुभ्र फोडींचे ताट पुढे केले. तिने ते ओसरीवर ठेवले, बागेत जाऊन झाडाचा एक जाम तोडला, तसाच कचकन चावला आणि बुंध्याशी बसून बापाला हाक मारली. ‘बसा ना बाबा,’ ती म्हणाली, ‘मले कोठी जा लागते?’

काकाजी बसले. मी शाळेतून आलो तेव्हाही दोघे तिथेच होती. हसण्याचा आवाज पडवीपर्यंत येत होता. ओसरीवरच्या ताटाला कोणी शिवले नव्हते. मी त्यातल्या फोडी एकट्याने खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. सांगावे असे वाटले, पण त्यांच्या बोलण्यात कशाला जायचे?

माझी आईही तिकडे देशावर एकटीच होती. बाहेर वाटेवरून एक मोकळी बंडी चालली होती. देशाकडे जाणारी गाडी कुठे मिळेल, असे मी त्या गाडीवानाला विचारले. वऱ्हाडात आल्यापासून मी हे कोणाला विचारलेच नव्हते.