बावीस पौंडांची कॉफी

विमानात वजन कधी चढतं ते कोणालाच दिसत नाही. ज्याला विचाराल तो म्हणतो, मी तर काहीच ठेवलं नाही. आणि काट्यावर घेतलं की दोन-चार माणसांइतकं जास्त! किस्स्यांचंही तेच. मी एकही मुद्दाम जमवला नाही. पण आता रिटायर होऊन पिस्कॅटवे गावात मुलीकडे राहतो, शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येक घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, पोरं भोवती बसतात आणि कोणीतरी विचारतंच, "काका, तुम्ही खरंच फायटर प्लेन्स बनवायचे?"

फायटर नाही रे बापा. आणि बनवायचो पण नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आमची कंपनी मालवाहू विमानं घ्यायची आणि त्यांच्या डाव्या बाजूला तोफा बसवायची. असं विमान लक्ष्याभोवती डावीकडे गोल गोल फिरत राहतं आणि कुशीतून मारा करतं. त्याला गनशिप म्हणतात. माझं काम एकच, वजन मोजायचं. कोण काय बसवतंय ते लिहायचं आणि "नको, जड होईल" म्हणायचं. सहा वर्षं मी फक्त नको म्हटलं. नागपूरहून इंजिनिअर होऊन आलो ते यासाठी!

*

तिथे माझा गुरू म्हणजे हँक. पासष्टीला टेकलेला, तब्येतीने आडवा. पूर्वी लढाईत असल्याच एका जुन्या विमानात तोफा भरायचा, आता आमच्या डिझाइनच्या चुका काढायला कंपनीने ठेवला होता. मला म्हणायचा, "मेश, पौंड कोणाचा मित्र नसतो." मेश्राम हे नाव त्याला कधी पूर्ण झेपलं नाही.

हँकला एकच गोष्ट हवी होती. रिटायर व्हायच्या आधी, नव्या विमानातून पहिल्यांदा तोफा उडतील तेव्हा त्याला आत बसायचं होतं. मॅनेजरने शब्द दिला होता. माझ्या यादीत ओळही होती: निरीक्षक, एक, पॅराशूटसकट दोनशे पौंड. दर महिन्याला हँक माझ्या टेबलाशी यायचा, ती ओळ आहे का ते बघायचा आणि परत जायचा.

*

एकदा वॉशिंग्टनहून एक बडे साहेब आले. आमच्याकडे विमानाचं पूर्ण आकाराचं लाकडी मॉडेल होतं, त्यातून त्यांना फिरवलं. साहेबांनी सगळ्या तोफा बघितल्या, मग उजव्या बाजूची कोरी भिंत बघितली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, शत्रू उजवीकडे असला तर?

मॅनेजरला घाम फुटला. हँक शांतपणे म्हणाला, "सर, मग आम्ही पलीकडून येतो."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

*

दर मंगळवारी वजनाची मीटिंग. प्रत्येक डिपार्टमेंटचं एकच गाणं, पाचच पौंड तर आहेत! सगळ्यांत चिवट होता वायरिंगचा, रे नावाचा इंजिनिअर. त्याने तारांचं वजन दिलं, पण तारा भिंतीला धरून ठेवणाऱ्या क्लिपांचं दिलंच नाही. मी विचारलं तर हसला. म्हणे, क्लिपला काय वजन असतं?

माझं डोकं फिरलं. मी स्टोअरमधून एका विमानाला लागतील तेवढ्या क्लिपा काढल्या, बादलीत भरल्या आणि रेला निरोप पाठवला की मीटिंगला येताना ती बादली घेऊन ये. मीटिंग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. गडी वीस मिनिटं उशिरा आला, धापा टाकत. बादली टेबलावर आपटली आणि मलाच ओरडला, "यात काय दगड भरलेत?"

मी बादलीतली एक क्लिप काढून त्याच्या हातात ठेवली.

*

रोलरची गोष्ट तर मला आजही आठवली की बीपी वाढतं. मालवाहू विमानाच्या जमिनीत पेट्या सरकवायला लोखंडी रोलर असतात. गनशिपला त्यांचा काही उपयोग नाही. शेपटीकडचे एकशे चाळीस पौंडांचे रोलर काढायचे ठरले. पुढच्या मीटिंगला सांगाड्यावाल्यांनी जाहीर केलं, आम्ही एकशे चाळीस वाचवले. मग तोफावाले म्हणाले, आम्हीपण. मग आतल्या सजावटीवाले. सगळ्यांचे रोलर तेच!

मी मेमो लिहिला की एकच रोलर तीनदा काढता येत नाही. आठ दिवसांनी उत्तर आलं: "आपला मुद्दा नोंदवला आहे. तिन्ही बचती मंजूर." मी कपाळावर हात मारला आणि माझ्या कागदावर ती बचत एकदाच धरली.

*

आणि ती कॉफीची टाकी! भिंतीला स्क्रूने बसवलेली, पाण्यासकट बावीस पौंड. ती हवी होती खुद्द हँकला. तो म्हणायचा, तासन्‌तास घिरट्या घालायच्या, माणसाला जागं राहायला नको? मी तीन वर्षं भांडलो. त्याचाच मंत्र त्याला ऐकवला, पौंड कोणाचा मित्र नसतो. म्हणाला, कॉफी सोडून. शेवटी मी हरलो, टाकी बसली. गुरूच असा निघाल्यावर करणार काय?

*

घरी तरी मान असेल म्हणता? गावातलं कुठलंही मराठी कुटुंब इंडियाला निघालं की बॅगा आमच्या घरी. मी बॅग उचलून बाथरूमच्या काट्यावर उभा राहायचो आणि माझं वजन वजा करायचो. एअरलाइनची मर्यादा सत्तर पौंडांची, माझ्या हातची बॅग कधी परत आली नाही. पोरं मला वजनवाले काका म्हणायची.

मग आम्ही स्वतः नागपूरला निघालो. काउंटरवर आमचीच बॅग नऊ पौंड जास्त! मी मोजल्यावर बायकोने, शालिनीने, तीन मावश्यांसाठी बदाम कोंबले होते. मागे एवढी मोठी लाइन, मी जमिनीवर बसून बदाम काढतोय आणि चिडून विचारतोय, मला न सांगता कसं भरलंस? ती थंडपणे म्हणाली, "ऑफिसात ऐकतात का तुमचं?"

*

तर शेवटी पहिल्या माऱ्याच्या उड्डाणाआधी विमान काट्यावर चढलं. हँगरची दारं बंद, पंखे बंद, कारण वाऱ्याने आकडा हलतो. आकडा आला. परवानगीपेक्षा दोनशे पौंड जास्त.

दोनशे. मॅनेजरने माझी यादी वरून खाली वाचली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. परवा उड्डाण, तीन आठवड्यांनी हँक रिटायर. सही माझी लागणार होती. हँकला कळलं तेव्हा तो आला, आपलं हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवून गेला. मला इतकं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही. ज्याने मला हे काम शिकवलं, त्यालाच मी माझ्या पेन्सिलने खाली उतरवणार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन शेपटीत शिरलो, कुठे काही सुटलंय का बघायला. बघतो तर काय, रोलर जागच्या जागी! तीन डिपार्टमेंटनी श्रेय घेतलं होतं, काढले कोणीच नव्हते. मी इतका ओरडलो की अर्धा हँगर गोळा झाला. तिन्ही डिपार्टमेंटची माणसं पाने-पकडी घेऊन कामाला लागली. एकशे चाळीस गेले.

दुपारी रे आला, हातात तीच बादली. जुन्या, काढून टाकलेल्या तारांच्या रिकाम्या क्लिपा त्याने माणसं लावून विमानभर शोधून काढल्या होत्या. बादली माझ्यासमोर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाला, "चाळीस पौंड आहेत. मी तोललेत."

राहिले वीस. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी भिंतीवरच्या टाकीकडे. स्क्रू मीच काढले.

हँकला फक्त एवढंच सांगितलं की जागा झाली. त्याने कशी विचारलं नाही, हेल्मेट उचललं आणि काखेत मारून निघाला.

उड्डाण चार तासांचं. तोफा नीट उडाल्या. विमान उतरलं तेव्हा आम्ही सगळे खाली रांगेत उभे होतो, रेसुद्धा डोळे पुसत होता. हँक सगळ्यांत शेवटी शिडी उतरला, सरळ माझ्याकडे आला, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. डोळे लाल. आता हा माणूस काय बोलतो म्हणून सगळे श्वास रोखून उभे.

"मेश," तो म्हणाला, "कॉफीची टाकी कोणत्या गाढवाने काढली?"