धरणाखाली झोपतं कोण?

शिवणवाल्या काकूंनी घर सोडलं तेव्हा मशीन, गाद्या, भांडी सगळं टेम्पोत चढलं. उंबऱ्याशी गमबुटांचा जोड तेवढा राहिला.

"आई, हे राहिले," मुलगा म्हणाला.

"राहू दे. त्यांना लागतील."

'ते' म्हणजे काकूंचे यजमान, मागच्या लहानशा मातीच्या धरणाचे चौकीदार. तीन वर्षांपूर्वी तापाने गेले होते. मुलाने टेम्पोवाल्याकडे पाहिलं. टेम्पोवाला दोरी आवळू लागला.

चौकीदारांचं काम कंटाळवाणं होतं. रोज भरावावरून चालायचं, उंदरांची बिळं माती ठोकून बुजवायची, पायथ्याशी पाझरणारं पाणी गढूळ नाही ना, ते पाहायचं. ते त्यांनी जन्मभर केलं. धरणावरच्या पाटीचा अर्थ लोकांना पटवणं मात्र त्यांना कधीच जमलं नाही.

पाटीवर लिहिलं होतं, 'धोक्याचा वर्ग: उच्च'. धरण फुटलं तर खाली किती जीव जातील, यावर हा वर्ग ठरतो. भराव पक्का की कच्चा, याचा त्याच्याशी संबंध नसतो. खाली वस्ती होती म्हणून वर्ग उच्च, आणि वर्ग उच्च म्हणून दरवर्षी तपासणी आणि चौकीदार. वस्तीने सरळ अर्थ लावला: धरण फुटणार.

"अहो, पाटी तुमच्यामुळे लागलीय, धरणामुळे नाही," चौकीदार दारोदार सांगत.

"मग आम्ही गेलो की धरण बरं होईल, होय ना?" सुतार म्हणाला, आणि सगळ्यांत आधी तोच गेला.

हळूहळू सगळे गेले. काही घरांना कुलूपही नाही; वारा आला की दारं आपटतात. चौकीदार गेल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही, तरी भरावावर बीळ दिसत नसे. मुलाला वाटे, आईच बाबांचे बूट घालून फिरते. बूट तिला पार मोठे होते. विचारलं तर ती म्हणे, "मी कुठली? ते फिरतात."

मग काकूंचे गुडघे गेले. निघण्यापूर्वी त्यांनी धरणाच्या साहेबांना बोलावून घेतलं.

"मी गेले की खाली कोणी नाही, असं लिहाल?"

"लिहावं लागेल, काकू. वर्ग खाली येईल. तपासणीही मग क्वचितच."

"आणि फिरायला?"

"कोणी नाही."

 घर सुटत होतं, त्याचं काकूंना फारसं दुःख नव्हतं. भराव राखणीविना उघडा पडत होता, त्याचं होतं.

महिन्याभराने, भर दुपारी, साहेब घर रिकामं असल्याची खात्री करायला गेले. परतताना ते थेट मुलाच्या घरी आले. पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"काकू धरणावर गेल्या होत्या का?"

"ती? जिनासुद्धा उतरलेली नाही."

"बिळं बुजवलीत. माती ओली आहे अजून."

"वस्तीतलं कोणी असेल."

"सुतार येईल परत?"

"मेल्यावरही नाही," मुलगा हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी बुटांचं सांगितलं. घोट्यापर्यंत चिखल होता, आणि पाऊस तर महिनाभर नव्हता.

"आता काय, भूतही माणसांत मोजणार का साहेब?"

आतल्या खोलीत मशीन थांबलं.

"बुटांची तोंडं कुठे होती?" काकूंनी विचारलं.

"आत. घराकडे."

"मग फेरी संपवून आले होते." त्यांनी सुईत दोरा ओवला. "एकट्याला आवरत नाही हो ते आता. माणूस द्या एक हाताखाली."

"खाली कोणी झोपत असेल तरच देता येतो, काकू."

"झोपतात की."

'खाली कोणी नाही' असं साहेबांनी लिहिलंच नाही. वर्ग अजून बदललेला नाही. नव्या चौकीदाराला एवढंच सांगितलंय की उंबऱ्यावरचे बूट हलवायचे नाहीत.