कचऱ्याच्या डब्यावरचा सराव

माझ्या धाकट्या बहिणीचा पट मी बिघडू दिला. मुद्दाम. डिस्क गोल्फमध्ये शेवटच्या काही पावलांवरून चकती साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकतात, त्याला पट म्हणतात. लांब फेकणारे ढीगभर असतात, जिंकतो तो पट टाकणारा.

आमच्या कॉलनीत बास्केट कुठली असायला? पण खांबाला हिरवा-निळा असे कचऱ्याचे दोन डबे लटकलेले होते, आणि स्वच्छतेत पहिल्या नंबरच्या इंदूरचे डबे ते, समोरच्या काकू ते बाहेरूनसुद्धा पुसायच्या. बहीण ऑफिसला जाण्याआधी रोज सकाळी आठ पावलांवरून निळ्या डब्यावर नेम धरायची. डब्याचं तोंड वर, म्हणून ती चकतीची पुढची कड उचलून वर भिरकावायला शिकली. चकती अलगद डब्यात पडायची आणि ती टाळ्या वाजवायची. खऱ्या बास्केटवर, वारा असला की, हे चालत नाही. तिथे चकती सपाट ठेवून सरळ साखळ्यांवर मारावी लागते, आणि सुटल्यावरही हात साखळ्यांकडेच रोखलेला ठेवावा लागतो.

हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. मी गप्प बसलो. घरात हुशार ती आणि खेळाडू मी, अशी वाटणी लहानपणीच झालेली. ती महूजवळच्या डिस्क गोल्फच्या मैदानावर गुणांत माझ्या बरोबरीला येऊ लागली तेव्हा माझ्या पोटात दुखलं. त्यात शहराच्या संघात जागा एकच उरली होती.

निवडीच्या सकाळी वारा सुटला होता. तिने विचारलं, "दादा, हवा तेज आहे रे, कसं टाकू?"

"डब्यावर टाकतेस तसंच. थोडा और ऊपर से."

चकती वर गेली, वाऱ्याने उचलली आणि बास्केटच्या पार मागे जाऊन आपटली. दुसरीही तशीच. तिसरीला कुणीतरी माझ्याकडे बघून ओरडलं, "भिया, बहन तो पतंग उड़ा री है!" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो. जागा मला मिळाली.

परतताना गाडीत ती रडली नाही, याचाही मला राग आला. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "दादा, खरं सांग. माझ्या प्रॅक्टिसमध्ये काय गड़बड़ आहे?"

तेव्हा सांगून टाकता आलं असतं. माझं काहीच जाणार नव्हतं.

"प्रॅक्टिस ठीक आहे गं," मी म्हणालो. "हा खेळ तुझ्यासाठी नाही, बस."

तिने मांडीवरची चकती मागच्या सीटवर टाकली. मग म्हणाली, "बरं झालं तू बोललास. बाकी लोक तर झूठी तारीफ करतात."