मेसमधलं पुडिंग

बाबांना पुरणपोळीपेक्षा मेसमधलं पुडिंग प्रिय. खाली दालचिनी घातलेली मऊ सफरचंदं, वर भाजून कुरकुरीत झालेला लोणी-कणकेचा चुरा. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते लखनौलाच, तेलीबागेत राहिले. म्हणायचे, इथून छावणी जवळ. आई म्हणायची, छावणी कसली, पुडिंग जवळ! चमच्याने तो चुरा टकटक फोडून मगच ते पहिला घास घेत.

त्यांना मधुमेह निघाला तेव्हा मी घरी ओव्हन आणला आणि पुडिंग माझ्या ताब्यात आलं. साखर बंद. मी फार कडक. "यार, एक बार तो शक्कर डाल दे," असं ते विनवायचे. आर्जवं करायची असली की ते हिंदीवर यायचे. शेवटच्या खेपेलाही मी म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की." पुढची वेळ आलीच नाही. ते गेल्यावर जेवणाच्या टेबलाकडून मला टकटक ऐकू येऊ लागली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी उठून बघून यायचे.

वर्षश्राद्धाला ठरवलं, पानात पुडिंग वाढायचं, तेही भरपूर साखर घालून. साखरेचा डबा ओट्यावर काढून ठेवला. कणकेत लोणी चोळताना डोळे सारखे भरून येत होते. चव बघायला चिमूट उचलली तशी आई ओरडली, "अगं, घास ठेवायच्या आधी उष्टं करतेस?"

गच्चीवर पान ठेवलं. कावळे आले, मान वाकडी करून पाहिलं आणि उडून गेले. आई हात जोडून पुटपुटत राहिली, "काय राहिलंय तुमचं?" मी वैतागले. "कावळ्याला सफरचंदातलं काय कळतंय!"

शेवटी आम्ही जेवायला बसलो. मी चुरा फोडला, घास घेतला. आंबट. साखरेचा डबा ओट्यावर तसाच होता, काठोकाठ भरलेला. माझ्या हातांनी सवयीने पुडिंग केलं होतं. माणूस जाऊन वर्ष झालं, तरी मी त्यांना पथ्यावरच ठेवलं होतं.

डबा घेऊन गच्चीवर धावले. पानातल्या पुडिंगवर मूठभर साखर ओतली. "घ्या बाबा," म्हटलं, "आता कुणी अडवत नाही." आणि खूप रडले.

संध्याकाळी जाऊन पाहिलं. साखरेला मुंग्या लागल्या होत्या, कावळा काही आला नव्हता. टेबलाकडची टकटक अजून येते. आता उठून बघायचा धीर होत नाही.