वसुलीचा चहा

अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बसलिंगप्पांनी जन्मभर आडत चालवली, पण त्यांचं नाव झालं ते बुडीत उधारीमुळं. एखाद्या दुकानदाराची उधारी थकली, त्यानं आशा सोडली, की बसलिंगप्पा ती अर्ध्या किमतीत विकत घेत. मग एका सकाळी कपाळाला विभूती लावून त्या देणेकऱ्याच्या ओट्यावर जाऊन टेकत. लेकराबाळांची चौकशी करत, चहा घेत आणि उठत. पैशाचा विषयही काढत नसत. तिसऱ्या-चौथ्या चहाला तो माणूस आपणहून पैसे आणून समोर ठेवी. मोंढा त्यांना मानायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा टरकूनही असायचा.

आडत बंद केल्यावर घरात त्यांचा जीव रमेना. लातूरला नोकरी करणाऱ्या मुलाच्या, सोमेशच्या, मोबाइलवर त्यांनी एक ॲप पाहिलं. तिथं अनोळखी लोक अनोळखी लोकांना कर्ज देत, आणि कर्ज थकलं की रुपयाला वीस पैसे भावानं दुसऱ्याच्या गळ्यात मारत. म्हातारा हरखला. हा तर आपलाच धंदा! सोमेशनं परोपरीनं सांगितलं, एवढ्या स्वस्तात कुणी विकतोय म्हणजे त्यात काही राहिलेलं नसणार.

"कर्ज बुडत न्हाई रे," बसलिंगप्पा म्हणाले, "माणूस लाजून लपून बसलेला असतोय. मी काढतो की त्याला भाईर."

आधी स्वतःची पुंजी घातली. सुरुवातीला दोन-तीन जणांचे पैसे आले, आणि तिथंच घात झाला. मग त्यांनी धाकट्या बहिणीचे, गुरम्माचे, पैसे घातले. गुरम्मा विधवा, पोटी मूल नाही. नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान विकून आलेले चार लाख तिनं भावाकडं ठेवले होते. लातुरात स्वतःची एक खोली घ्यायची, एवढंच तिचं स्वप्न. बसलिंगप्पांनी तिला विचारलंसुद्धा नाही. दुप्पट करूनच हातात देऊ, असं मनाशी म्हणाले. बहिणीच्या पैशावर भावांना हा हक्क कोण देतं, देव जाणे.

पैसे यायचे थांबले, तसे बसलिंगप्पा सवयीनं चहाला निघाले आणि उंबऱ्यातच अडले. जायचं कुणाकडं? ॲपवर एवढंच होतं: पुरुष, वय चौतीस, धर्माबाद. ना नाव, ना गल्ली. वसुली आम्हीच करतो, पत्ता देता येत नाही, असं कंपनीनं फोनवर सांगितलं. तरी ते एसटीनं धर्माबादला गेले आणि दिवसभर स्टँडवर येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं पाहत बसले. ज्यानं आपलं तोंडही पाहिलेलं नाही, त्याला आपली लाज कशी वाटेल, हे त्यांना तिथं कळलं. मग निदान विकून मोकळं व्हावं म्हटलं, तर पाच पैशालाही गिऱ्हाईक मिळेना. पुढं नियम बदलले आणि ॲपवरची ती खरेदी-विक्रीच बंद झाली.

घरमालकानं गुरम्माला लातुरातली भाड्याची खोली रिकामी करायला सांगितली, तेव्हा तिनं भावाकडं पैसे मागितले. बसलिंगप्पांना सगळं सांगावंच लागलं. ती ना रडली, ना भांडली. शिकवणीच्या पोरांच्या एका खानावळीत पोळ्या लाटायला राहिली आणि तिथंच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झोपू लागली. साठी उलटलेली बाई.

एका सोमवारी सकाळी ती अहमदपूरला आली. ओट्यावर टेकली. नातवंडांची चौकशी केली, वहिनीच्या, गंगम्माच्या, गुडघ्यांची केली, चहा घेतला. आता शिव्या देईल, मग देईल, म्हणून बसलिंगप्पा खाली मान घालून बसले होते.

"येते आण्णा," ती उठत म्हणाली. "पुढच्या सोमवारी येईन."

कदाचित ती नुसती भावाला भेटायला आली असेल. तिला दुसरं होतं तरी कोण? पण बसलिंगप्पांनी मनात मोजलं: हा पहिला चहा.

आता ती दर सोमवारी येते. ते घरात न्हाईत, असं सांगून गंगम्मा तिच्यापुढं चहा ठेवते. बसलिंगप्पा मागच्या खोलीत कडी लावून, ती उठून जायची वाट पाहत बसलेले असतात.